ज्वारीत ठेवलेली मातीची बाई

नांदेडला लोक दर्शनाला जातात आणि लातूरला पोरांना क्लासला घालायला. मी या दोन्हीकडे गेलो तो एका मातीच्या बाहुलीपायी. परत आल्यावर बायको म्हणाली, "लिहून काढा, म्हणजे डोक्यातून जाईल." ते जाणार नाही हे मला ठाऊक आहे. तरी लिहितो.

माझं नाशिकला दातांच्या कवळ्या बनवण्याचं छोटं वर्कशॉप आहे. डॉक्टर माप पाठवतात, मी दात घडवतो आणि शेजारच्या खऱ्या दाताशी रंग जुळवून देतो. दिवसभर हेच. या कामातूनच मला मातीच्या जुन्या रंगीत बाहुल्यांचा नाद लागला. गौळणी, शिपाई, वाणी, हत्ती, काय मिळेल ते. महालक्ष्म्यांपुढे मांडायच्या या वस्तू, पूर्वी घरोघर असत. आता नवीन येतात त्या प्लॅस्टरच्या. कुंभाराच्या हातची, हातानं रंगवलेली आणि धड राहिलेली बाहुली दिसली की मला चैन पडत नाही. अशा चाळीस-पन्नास बाहुल्या घरी काचेच्या कपाटात आहेत.

डिसेंबरात नांदेडच्या खलीलभाईंनी फोनवर एक फोटो पाठवला. जुन्या वस्तूंचे ते व्यापारी, आमची ओळख फोनवरचीच. फोटोत दीड वीत उंचीची एक उभी बाई होती. काखेत लेकरू. हिरवं लुगडं, त्यावर पिवळे ठिपके, लाल काठ. हाताची बोटंसुद्धा वेगवेगळी काढलेली. चेहरा मात्र भलताच होता. जाड, चकचकीत, गुलाबी रंग फासलेला, डोळे वरखाली झालेले. कुणीतरी नंतर रंगवलाय हे उघडच होतं. मी दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढलं.

नांदेड

नांदेड स्टेशनबाहेर थंडी नाशिकसारखीच होती, पण कोरडी. नाकात धूळ जाणारी. रिक्षावाल्यानं "कुठून येऊन राहिलात?" म्हणून विचारलं आणि जुन्या गावात एका गल्लीच्या तोंडाशी सोडलं. पुढं रिक्षा जात नव्हती. दोन्ही बाजूंना बांगड्यांची, अत्तराची दुकानं, मधूनच एखादी लोखंडी जिना असलेली इमारत. खलीलभाईंचं दुकान अशाच एका जिन्यावर होतं.

पांढरी दाढी, स्वेटर, डोक्याला मफलर. "आवो साब, बसा. चाय नक्को, आता जेवूनच घ्या," असं म्हणत त्यांनी घरून आलेला डबा माझ्यापुढं सरकवला. पिवळी तहरी, म्हणजे मसालेभात, आणि वर चिंचेचं आंबट. आमच्याकडे व्यापारी गिऱ्हाइकाला चहा पाजतो, जेवायला घालत नाही. मी संकोचलो तर म्हणाले, "भुके पेट माल बगितला की माणसाचा अंदाज चुकतो."

जेवण झाल्यावर त्यांनी कपाटातून बाई काढली आणि जुन्या पंचावर माझ्यापुढं ठेवली.

आतून पोकळ, वजनाला हलकी. पोकळीत कुंभाराच्या बोटांचे ठसे तसेच होते. पाठीला रंग नव्हता, कारण मांडणीत पाठ कुणी बघत नाही. हिरवा रंग कुठंकुठं उडालेला, पण खालचा पांढऱ्या खडीचा लेप घट्ट. शंभर वर्षांची तरी असेल असं मला वाटलं. काखेतल्या लेकरानं आईचा पदर धरलेला होता, आणि त्या एवढ्याशा मुठीत पदराच्या चुण्यासुद्धा काढल्या होत्या. मी कितीतरी वेळ ती मूठच बघत बसलो.

"चेहऱ्यानं घात केला," खलीलभाई म्हणाले. "बैलाच्या शिंगांचा ऑइलपेंट हाय तो. खेड्यातले लोक, काय करता."

माझ्या पिशवीत हत्यारं कायम असतात. कापूस, थिनर, बांबूच्या काड्या, कवळीचा मसाला खरवडायची बारीक पट्टी. खलीलभाई म्हणाले, घरी नेऊन सावकाश काढा. पण मला दम धरवेना. खिडकीतून चांगलं ऊन येत होतं. मी पंचा उन्हात ओढला आणि कापसाचा बोळा थिनरमध्ये बुडवला.

पहिल्याच बोळ्याला रंग असा सुटला की थेट खडी दिसली. मग हात हलका केला. तेव्हा लक्षात आलं की रंगाचा एक हात नाही, हातावर हात आहेत. गुलाबीखाली पिवळसर, त्याखाली पुन्हा गुलाबी, त्याखाली गव्हाळ, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे. प्रत्येक थरात नवे डोळे, नव्या भुवया. जितकं खाली जावं तितकी रेघ बारीक आणि सरळ होत होती. खलीलभाई निजामाच्या वेळच्या एका सुरमेदाणीची हकीगत सांगत होते, मी हं हं म्हणत पुसत होतो. हनुवटीवर हिरवा ठिपका लागला. मला वाटलं बुरशी, म्हणून पट्टीच्या टोकानं तो खरवडून काढला. कापसाचे बोळे लाल-काळे होऊन ताटलीत साठत गेले.

आणि शेवटी खालून कुंभाराचा चेहरा वर आला. लांबट डोळे, कानापर्यंत काजळ, गालावर लाल टिकली. तसा चेहरा मी चार-पाच बाहुल्यांवर पाहिलेला होता. पण इतका ताजा कधीच नाही. खलीलभाईंनी चष्मा कपाळावर घेतला आणि म्हणाले, "माशाअल्ला साब. नवी नवरीच निघाली की आतून."

त्या दिवशी माझ्याइतका खूश माणूस नांदेडात नसेल. व्यवहार झाला. बाई कापसात गुंडाळून, खोक्यात घालून, पिशवीत गेली. उठताना खलीलभाई म्हणाले की अशा बायका एकट्या नसतात, जोडीला पागोटेवाला बाप्या असतो. बाई आणली होती किल्लारीकडच्या एका गावातून, भांडी मोडीत घेणाऱ्या फेरीवाल्यानं. "विश्वनाथअप्पा म्हणून किराणावाले हायत. बाप्या बी त्यांच्याच घरी असंल. जाऊन बघा. जोडी झाली तर तुमच्यासारखा तुम्हीच."

संध्याकाळी गोदावरीच्या घाटावर गेलो. गोदावरी आमच्याही गावची, पण इथं ती रुंद आणि संथ, पाणी हलतंय की नाही कळू नये अशी. पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसलो आणि कपाटात जोडी कुठं ठेवायची याचा विचार करत राहिलो.

लातूर

नांदेड सोडलं की काळी जमीन सुरू होते आणि संपत नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हरभरा, तुरीच्या काढलेल्या पेंढ्या, आणि निसवलेली ज्वारी. आमच्याकडे द्राक्षबागांना कुंपणं असतात, तारा असतात. इथं बांधसुद्धा दिसत नव्हते. आभाळ दिवसभर भरलेलं होतं, ना पाऊस ना ऊन. त्या उजेडात काळी जमीन आणखी काळी दिसत होती.

लातूरला लॉजवर सामान टाकलं तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, "साहेब, उद्याची जेवायची सोय तुमची तुम्ही बघा. उद्या येळवस हाय."

"म्हणजे?"

"वेळा अमावस्या. समदं लातूर रानात जातंय. टपरी सुदा उघडी सापडायची न्हाई."

मला अतिशयोक्ती वाटली. सकाळी बाहेर पडलो आणि चहासाठी अर्धा तास हिंडलो. खरंच शटरं ओढलेली. एवढं मोठं शहर, आणि रस्त्यावर कुत्री. जे लोक दिसत होते ते सगळे शहराबाहेर चाललेले, टेम्पोत, मोटारसायकलवर, डोक्यावर घोंगड्याची खोळ आणि त्यावर आंबिलीचं मडकं. चौकात उभा राहून मी कुठल्याही गाडीला हात करत होतो. शेवटी एका जीपमध्ये जागा मिळाली. आतल्या आजीबाईंनी नाव-गाव काही न विचारता मांडीवरच्या मडक्यातून पेला भरून आंबील दिली. ज्वारीचं पीठ, ताक, जिरं, लसूण. उपाशी पोटाला फार बरी वाटली.

किल्लारीच्या परिसरात शिरताना गावं वेगळी दिसायला लागतात. सरळ रस्ते, एकसारख्या अंतरावर घरं. भूकंपानंतर सरकारनं आणि संस्थांनी बांधून दिलेली ही गावं. एरवी खेड्यात गल्ली वळते, घर पुढं येतं, ओटा मध्येच येतो. इथं सगळं फूटपट्टीनं आखलेलं. त्या दिवशी तर चिटपाखरू नव्हतं, दारांना कड्या. वेशीवर उशिरा रानात निघालेल्या एकानं सांगितलं, "अप्पा रानात असतील. जुन्या गावठाणाच्या अंगाला."

मी चालत निघालो. वाटेत जुनं गाव लागलं. म्हणजे वेड्या बाभळींचं रान, त्यात दगडांचे ढीग, एका ठिकाणी नुसती दगडी पायरी आणि पुढं काही नाही. मी तिथं थांबलो नाही. पिशवी छातीशी धरून पाय उचलले.

अप्पांचं रान

कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेली खोप होती, वर शाल पांघरलेली. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडून पूजा केलेली. बाहेर सतरंज्यांवर वीस-पंचवीस माणसं जेवत होती. मी बांधावर आहे तोवरच हाक आली, "या पाव्हणं, या! बसून घ्या." कोण, कुठला, कुणी विचारलं नाही. येळवशीला वाटेवरच्या माणसालाही रानात बोलावून जेवू घालतात, हे नंतर कळलं.

पत्रावळीवर भज्जी पडली. हिरवे हरभरे, तुरीचे दाणे, वाटाणा, पालेभाजी, सगळं बेसनात घट्ट शिजवलेलं. त्याबरोबर बाजरीचे उंडे, तिळाची पोळी, गव्हाची खीर. असं जेवण मी आयुष्यात जेवलो नव्हतो. वाढणारे गृहस्थ पासष्टीचे, गळ्यात लिंगाची चांदीची पेटी, कपाळाला विभूती. तेच विश्वनाथअप्पा.

जेवण झाल्यावर लोक पांगले, कुणी आंबील शिंपडत पिकातून फिरायला गेले, कुणी पत्त्यांना बसले. मी अप्पांना बाजूला घेऊन कामाचं बोललो. जोडीतला बाप्या आहे का म्हणून विचारलं.

"बाप्या?" अप्पा माझ्याकडं बघत राहिले. "तो देवळीत हुता. भिताडाखाली गेला. त्याच रातीला."

मी खोकं उघडलं आणि कापूस बाजूला करून बाई त्यांच्यापुढं धरली.

अप्पांनी हात पुढं केला नाही. नुसते वाकले. मग हळूच विचारलं, "हिचं तोंड कुठं गेलं?"

"तोंड आहे की. हेच मूळचं. वरून रंग लावला होता कुणीतरी, तो मी काढला."

"तुमी काढला?"

"हो. नांदेडला."

अप्पा बांधावर बसले. मातीची ढेकळं फोडत राहिले. मग त्यांनी जे सांगितलं ते असं.

बाई त्यांच्या आईच्या माहेरची, बिदरकडची. आईचं नाव संगम्मा. दरवर्षी महालक्ष्म्यांपुढं बाई मांडायची आणि सण झाला की फुटू नये म्हणून ज्वारीच्या कणगीत खुपसून ठेवायची, अशी संगम्माची रीत. बाप्याचं पागोटं एकदा कणगीत मोडलं होतं, म्हणून तो तेवढा भिंतीतल्या देवळीत राहायचा. त्या वर्षीही तसंच झालं. मग गणपती विसर्जनाच्या रात्री, पहाटेच्या सुमाराला भूकंप झाला. अप्पा मालाच्या खरेदीला सोलापूरला होते, त्यांची बायको माहेरी. संगम्मा तेवढी अंगणात बाजेवर झोपली होती, कारण धाकट्या सुनेचं दीड वर्षाचं लेकरू रडत होतं आणि दिवसभर राबलेल्या सुनेला झोप मिळावी म्हणून तिनं त्याला बाहेर आणलं होतं. घरात होते ते सगळे गेले. अप्पांचा भाऊ आणि भावजय, महादेवी, त्यातच.

"नंतर पाऊस लागला," अप्पा म्हणाले. "भावाचा लग्नाचा फोटू सापडला, पर नुसता लगदा. काच हुती, मान्सं न्हवती त्यात. ज्वारी उपसली तवा ही बया निघाली. टवका सुदा उडला न्हाई."

लेकराचं नाव शिवकांता. ती बोलायला लागली, तशी "माझी आई कशी हुती" म्हणून विचारायला लागली. दाखवायला कागदाचा कपटा नव्हता. मग एका पोळ्याला, बैलाची शिंगं रंगवून झाल्यावर, संगम्मानं उरलेले रंग घेतले आणि कणगीतून निघालेल्या बाईच्या तोंडावर महादेवीचं तोंड काढलं. नातीला जवळ घेऊन म्हणाली, ही बघ तुझी आई, आणि काखेत आहेस ती तू.

"दर पोळ्याला काढायची," अप्पा म्हणाले. "एकदाबी चुकली न्हाई. मरस्तोवर."

संगम्मा दोन वर्षांपूर्वी गेली. घराला रंग द्यायचा निघाला, तेव्हा अप्पांनी बाई फेरीवाल्याला देऊन टाकली.

"का दिली?" मी विचारलं.

"मला बगवत न्हवती, साहेब. दुकानातनं आत गेलं की समोर. भाऊ न्हाई, भावजय न्हाई, आणि माती तेवढी धड. आन शिवकांताची सासू बी बोलायची, मेलेल्या बाईला पुजती म्हनून. मला वाटलं, गेली तर समद्यांचीच सुटका हुईल." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "दिवाळीला पोरगी आली, समदं घर हुडकलं. मी सांगितलं तशी ताटावरनं उठून गेली. तवापस्नं बोलत न्हाई माज्याशी."

रानात पोरं आरडाओरडा करत होती, कुणीतरी झाडाला झोका बांधला होता. अप्पांची बायको लांबून आमच्याकडं बघत होती, पण जवळ आली नाही. मी म्हणालो, उद्या बाई शिवकांताला नेऊन देतो, तुम्ही बरोबर चला. अप्पांनी मान हलवली. "मी कोन्त्या तोंडानं येऊ?" म्हणाले. मग तिचं घर कुठं आहे ते सांगितलं. शिरूर अनंतपाळला, तहसीलच्या मागं.

निरोप घेताना त्यांनी माझ्या पिशवीत तिळाच्या पोळ्या घातल्या. तिला द्यायच्या की मला, ते सांगितलं नाही.

शिरूर अनंतपाळ

त्या रात्री लॉजवर झोप लागली नाही. सकाळी फोनमधला खलीलभाईंचा फोटो मोठा करून बघितला. वाटलं, फोटोवरून चेहरा पुन्हा काढून देता येईल. माझा तर धंदाच हुबेहूब जुळवण्याचा. हा विचार आला तशी जरा हुशारी वाटली आणि मी बस पकडली.

शिरूर तालुक्याचं गाव, पण लहान. एक मुख्य रस्ता, खताची दुकानं, झेरॉक्स, आदल्या दिवशीच्या सणानं सुस्तावलेले लोक. तहसीलच्या मागं विचारलं तर कुणीही सांगितलं, ब्लाउज शिवणारी शिवकांता ना, ते निळं दार. दाराशी शिलाई मशीन, गळ्यात टेप अडकवलेली सडपातळ बाई. नवरा शाळेची गाडी चालवतो, तो कामावर गेलेला. आत सासूबाई टीव्ही बघत होत्या.

मी सगळं एका दमात सांगून टाकलं. नांदेड, बाहुली, पुसणं, अप्पा. मध्ये थांबलो असतो तर पुढं बोलता आलं नसतं. ती मशीनवर हात ठेवून ऐकत होती. मी खोकं उघडलं.

तिनं बाई दोन्ही हातांनी घेतली. उजेडाकडं धरली, चेहरा बघितला, परत मशीनवर उभी केली. मग बोटानं त्या लेकराची मूठ चाचपली.

"हे मी हाय," ती म्हणाली. "ही कोन हाय, म्हाईत न्हाई."

मी घाईघाईनं फोन काढला. म्हणालो, माझ्याकडे फोटो आहे, मी जसाच्या तसा चेहरा काढून देईन, रंगात फरक पडणार नाही.

"फोटू हायत माज्याकडं बी, काका," तिनं स्वतःचा फोन दाखवला. आठ-दहा फोटो होते, सगळ्यांत तोच गुलाबी, वरखाली डोळ्यांचा चेहरा. "हे समदे शेवटचे. आजीच्या डोळ्यात मोतीबिंदू हुता तवाचे. हात बी थरथरायचा. मी म्हनायची, आजी, नगं आता, वाकडं हुतंय. ती म्हनायची, राहू दे, मला आत दिसतीय ती."

आतून सासूबाईंनी कोण आलंय म्हणून विचारलं. "गिऱ्हाईक हाय," ती म्हणाली.

मग तिनं स्टूल ओढलं, माझ्यासमोर बसली आणि आवाज खाली आणून विचारलं, "काका, तुमी पुसत गेलाव तवा थर निगाले असतील न्हाई का एकाखाली एक?"

"हो."

"समद्यात खालचा कसा हुता?"

मला तिचं म्हणणं एकदम कळलं. सगळ्यात खालचा थर म्हणजे पहिल्या पोळ्याचा. संगम्माची नजर तेव्हा शाबूत होती, सून जाऊन फार काळ झाला नव्हता. तो चेहरा शिवकांतानं लहानपणी बघितला असेल, पण तिला आठवत नव्हता. त्याच्यावर दरवर्षी नवा थर चढत गेला होता. आणि इतक्या वर्षांनी तो उघडा पडला तेव्हा समोर मी एकटा होतो, सुरमेदाणीची हकीगत ऐकत.

"सांगा की," ती म्हणाली.

मी डोळे मिटले. "भुवया जुळलेल्या होत्या. मध्ये जागाच नव्हती."

"जुळलेल्या," ती म्हणाली आणि नकळत तिचा हात स्वतःच्या भुवयांवर गेला. तिच्या जुळलेल्या नव्हत्या.

"हनुवटीवर हिरवा ठिपका होता. गोंदण असेल. मला ते तेव्हा कळलं नाही."

"कुठल्या बाजूला?"

"मधोमध. नाही, जरा डावीकडं. तिच्या डावीकडं."

"डोळे?"

"एक डोळा किंचित बारीक होता. उजवा."

"आन?"

मी खूप ताण दिला. गव्हाळ रंग होता हे सांगितलं. नाकात काही होतं का, तिनं विचारलं. मला आठवत नव्हतं. कपाळ? आठवत नव्हतं. तोंड कसं होतं, दात दिसत होते का? मी, दातांचा माणूस, त्याचंही उत्तर देऊ शकलो नाही. ती प्रश्न विचारत गेली आणि मी मान हलवत गेलो. शेवटी तिचे प्रश्न संपले.

तिनं चहा केला. बाहुलीचे किती द्यायचे म्हणून विचारलं तेव्हा मी हात जोडले. अप्पांनी दिलेल्या तिळाच्या पोळ्या पिशवीतून काढून मशीनवर ठेवल्या, कुणी दिल्यात ते सांगितलं. तिनं त्यांना हात लावला नाही, पण परत घेऊन जा असंही म्हणाली नाही. बाई उचलून तिनं ब्लाउजपिसांच्या ढिगामागं, सासूला दिसणार नाही अशी ठेवली. माझा फोन नंबर मागून घेतला.

बस लागायला वेळ होता. मी स्टँडवर बसलो. समोर एक माणूस कालच्या आंबिलीची रिकामी मडकी धुऊन उन्हात पालथी घालत होता. नांदेड सोडल्यापासून ऊन त्या दिवशी पहिल्यांदाच पडलं होतं.

नाशिक

शिवकांताचा फोन अधूनमधून येतो. बहुतेक दुपारी, सासूबाई झोपल्यावर. इकडचं तिकडचं काही नाही. "काका, आनखी काय आठवलं का?" एवढंच. तिनं बाहुलीचा चेहरा रंगवलेला नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, समदं कळल्यावर काढीन. अप्पांचं विचारलं तर विषय बदलला.

मी खरोखर प्रयत्न करतो. वर्कशॉपमध्ये कवळी घासता घासता थांबतो आणि ती खिडकी, तो पंचा, ती ताटली डोळ्यांपुढं आणतो. लाल-काळे बोळे स्पष्ट दिसतात. चेहरा दिसत नाही. खलीलभाईंना फोन केला, त्यांनीही तो बघितला नव्हता. ते बोलत होते. "साब, मला काय म्हाईत तिथं कोण हुतं," म्हणाले.

प्रत्येक वेळी मी तिला खरं तेच सांगत आलो. नाही बाई, काही आठवलं नाही. पलीकडं ती "बरं" म्हणते आणि लगेच फोन ठेवत नाही. मशीनचं चाक सावकाश फिरल्याचा आवाज येत राहतो.

गेल्या आठवड्यात पुन्हा फोन आला. तिचा आवाज बसलेला होता. तिनं तेच विचारलं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणालो, "हसत होती."

"काय?"

"तुझी आई. ओठ मिटलेले होते, पण हसत होती."

"खरंच?"

"हो."

मशीनचा आवाज थांबला. मग म्हणाली, "आजीनं हे कदी सांगितलं न्हवतं," आणि रडायला लागली. इतक्या दिवसांत मी तिला पहिल्यांदाच रडताना ऐकलं. मी फोन कानाला लावून उभा राहिलो.

ओठ मी बघितलेलेच नाहीत. पहिला बोळा, जोरात फिरलेला, मी ओठांवरूनच फिरवला होता.